त्रेचाळीस शेरडं आणि अल्पकालीन स्मृती

माणसाच्या डोक्यात एका वेळी किती गोष्टी मावतात, हे आमच्या गावात फक्त मला माहीत आहे! फुशारकी नाही. मी बीडला एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि अल्पकालीन स्मृती हा माझा खास विषय. परीक्षेत मी त्यावर सोळा मार्कांचं उत्तर खाली मान घालून सलग लिहिलं होतं. बारा मिळाले. शेवटचा मुद्दा ऐन वेळी आठवला नाही, पण तो मुद्दा विसरण्यावरच होता, त्यामुळे मी ते प्रात्यक्षिक समजतो.

तुम्हालाही थोडक्यात सांगतो. डोकं म्हणजे घर समजा. आत कोठी असते, तिथं जन्मभराचं सामान. बाहेर ओसरी, ती अल्पकालीन स्मृती. आलेला प्रत्येक पाहुणा आधी ओसरीवर बसतो. ओसरीवर जागा सातजणांची, फार तर दोन कमी, दोन जास्त. (पुढच्या शास्त्रज्ञांनी फेरमोजणी केली तर चारच भरले!) आठवा आला की आधीच्यातला एकजण उठून जातो. आणि चहापाणी विचारलं नाही तर सगळेच पंधरा ते तीस सेकंदांत चपला घालतात. चहा विचारत राहायचं, म्हणजे मनातल्या मनात घोकत राहायचं. तरच पाहुणे टिकतात.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील सटवा, यांना यातलं काही माहीत नाही. लिंबागणेशहून आत चार किलोमीटरवर आमचं गाव आणि आबा अख्ख्या गावाची शेरडं राखतात. अकरा घरांची त्रेचाळीस शेरडं. सकाळी वेशीत गोळा करायची, माळावर चारायची, संध्याकाळी ज्याची त्याच्या दारात. चाळीस वर्षांत एक करडू इकडचं तिकडं झालेलं नाही. कागद नाही, खूण नाही. पाहुणेरावळे आले की गावकरी आबांकडं बोट दाखवून सांगतात, "ह्यो माणूस बघा. शाळेचं तोंड पाह्यलं न्हाई, पण डोस्कं बघा!"

मला हे शास्त्रीयदृष्ट्या खटकायचं. सातच्या ओसरीवर त्रेचाळीस बसतातच कसे?

तर मध्यंतरी आबांचं बीडला मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. सकाळी जायचं, संध्याकाळी पट्टी बांधून परत. एका दिवसासाठी शेरडं माझ्याकडं आली.

"आबा, काळजी करू नका. मी मानसशास्त्र शिकलोय," मी म्हणालो.

"ते ठाव हाय. काळजी त्याचीच हाय," आबा म्हणाले.

आमची ऋतुजा दहावीत आहे. तिनं वही पुढं केली. "दादा, कुणाचं कोणतं ते लिहून घे."

"वही?" मी हसलो. "आबांनी चाळीस वर्षं वही वापरली का?"

"आबा आबा हायेत. तू परवा चहात मीठ टाकलंस."

मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. आबा जीपमध्ये बसता बसता सूचना देऊ लागले. मी बोटं मोजत होतो. सुंदररावांच्या ज्वारीत शेरडू घालू नको, एक. दुपारी तळ्यावर पाणी पाज, दोन. गाभण शेरडी पळवू नको, तीन. अशा सात झाल्या.

"अन् एक ध्यानात ठेव नाथा, संध्याकाळी वेशीत आलास की—"

"आबा, बास! सात झाल्या! आठवी दिली की पहिली बाहेर पडते!"

"आरं पर तीच मेन हाय—"

"मग ज्वारीत शेरडं गेली तर मला बोलायचं नाही!"

आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आईकडं बघितलं, आणि जीपचं दार ओढून घेतलं. आई, म्हणजे सारजाबाई, त्यांच्याबरोबर निघाली होती. जीप हलल्यावर तिचा आवाज आला, "म्या म्हनलंतं, ह्याला आयटीआयला घाला!"

वेशीत शेरडं जमली. मी कामाला लागलो. ओसरीवर त्रेचाळीसजण मावत नसतील तर काय करायचं? गठ्ठे बांधायचे! एकेकटं बसवण्यापेक्षा कुटुंबच्या कुटुंब एका खुर्चीत बसवायचं. मी घराघराचे गठ्ठे केले. अकरा घरं म्हणजे अकरा गठ्ठे, म्हणजे चार जास्त. मग आळ्यांचे गठ्ठे केले. वरची आळी, खालची आळी, वेशीजवळची घरं. तीन गठ्ठे! ओसरी निम्मी रिकामी राहिली. मला वाटलं, आता शेजारच्या गावाचीही घ्यावीत.

सुंदररावांच्या छबुबाई त्यांची शेरडं घेऊन स्वतः आल्या. सुंदरराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार. त्यांना पंचायत समितीचं तिकीट हवं होतं आणि ते ज्यांच्या हातात होतं ते आप्पाराव त्या दिवशी तलवाड्याहून जेवायला येणार होते.

"नाथा, आज आमचा बोकड चार वाजताच आण," छबुबाई म्हणाल्या. "मागल्या दारानं. आचारी यायलाय लिंबागणेशहून. आप्पाराव सातला जेवाया बसत्यात."

"मग आज चरायला कशाला पाठवताय, काकू?"

"जाऊ दे रं. शेवटचा दिस हाय त्याचा. पोटभर खाऊ दे."

बोकड काळा होता आणि त्याच्या पायांवर मोजे घातल्यासारखं पांढरं होतं. मी बोकड डोक्यात बसवला.

मागोमाग रतनआजी आली. तिला घरात दुसरं कुणी नाही. आहे तो राजा! राजा म्हणजे तिचा बोकड. त्याची आई मेली तेव्हा आजीनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. तोही काळाच, पण कपाळावर पांढरा टिक्का आणि गळ्यात पितळेची घंटी.

"नाथ्या, माज्या राजाला बिस्किट लागतं दुपारी," आजीनं माझ्या खिशात पुडा कोंबला. "अन् त्याच्यावर वरडू नको. त्याला राग येतो."

"काही चिंता करू नको, आजी!"

दहाच्या सुमारास आम्ही माळावर पोचलो. मी एका बाभळीखाली बसलो आणि घोकायला सुरुवात केली. "वरच्या आळीला सुंदरराव सहा, केसरबाई तीन, त्यातली एक लंगडी..." फार छान चाललं होतं. एकच अडचण होती. टिण टिण टिण! राजाची घंटी! मानसशास्त्रात याला व्यत्यय म्हणतात. घोकताना मध्ये आवाज आला की ओसरीवरच्या पाहुण्यांचं लक्ष उडतं. "केसरबाई तीन" टिण! "केसरबाई तेरा" टिण! केसरबाईला तेरा शेरडं झाली तेव्हा मी उठलो, राजाच्या गळ्यातली घंटी सोडली आणि खिशात घातली.

शांतता! विज्ञानाला अशीच शांतता लागते.

तेवढ्यात रविराजचा फोन. हा माझा बीडचा रूमपार्टनर.

"नाथ्या, काय करायला बे? माझ्या फॉर्मला तुझा नंबर टाकलाय. ओटीपी आला असंल, सांग लवकर!"

"मी घोकतोय, नंतर कर."

"नंतर म्हंजे कधी बे? दोन मिनिटांत संपतोय तो! बीड बंद पडंल का तुझ्या घोकण्यावाचून?"

मी मेसेज उघडला. सहा आकडे वाचले. त्याला नीट ऐकू येईना म्हणून तीनदा म्हणून दाखवले. फोन ठेवला आणि ओसरीवर बघतो तर काय! सहा आकडे मांडी घालून बसलेले आणि वरची आळी पूर्ण गायब!

मला तो ओटीपी आजही पाठ आहे. चार शून्य सात सात एक नऊ. केसरबाईची शेरडं किती, ते मात्र तेव्हा गेलं ते गेलंच.

पण मी घाबरलो नाही. साखळीतलं पहिलं आणि शेवटचं माणसाला बरं आठवतं, मधलं जातं, असं शास्त्र सांगतं. मला पहिला सुंदररावांचा बोकड आठवत होता. काळा. पांढरं कुठंतरी. शेवटचा राजाही आठवत होता. काळा. पांढरं कुठंतरी. म्हणजे दोन्ही टोकं पक्की होती!

राजानं बिस्किटाचा पुडा कागदासकट खाल्ला. किंवा त्या दुसऱ्यानं खाल्ला.

चार वाजता मी कळप घेऊन वेशीत आलो. आणि मित्रांनो, वेशीत पाय टाकताच त्या जनावरांनी बंड केलं! इतका वेळ गुण्यागोविंदानं चाललेली शेरडं चौखूर उधळली! पाच वर पळाली, सहा खाली पळाली, एक लंगडी तर अशी सुटली की लंगडीच वाटेना!

"थांबा! एकेक गठ्ठा!" मी ओरडलो आणि काठी आडवी धरली.

गावात तेव्हा कुणी नव्हतं. कापूस वेचायचे दिवस, सगळे रानात. मी एकटा आणि समोर त्रेचाळीस अशिक्षित शेरडं. पण मी हरलो नाही. एकेकाला धरलं, आठवलं आणि दारात नेऊन बांधलं. लंगडी शेरडी केसरबाईच्या दाराकडं तीनदा पळाली. तीनदा शिंगं धरून मी तिला खालच्या आळीला आणलं. चौथ्या वेळी ती माझ्याकडं अशा नजरेनं बघत राहिली, जशी आमच्या सरांची नजर माझ्या प्रबंधाचा आराखडा बघताना होती. मी तिचं दावं आणखी घट्ट केलं.

मग सुंदररावांच्या मागल्या दारी गेलो. आचारी मसाला भाजत होता. मी काळा बोकड त्याच्या हवाली केला.

"ह्योच का?" तो म्हणाला.

"शंभर टक्के!"

दुसरा काळा बोकड मी रतनआजीच्या अंगणात बांधला. आजीही कापसाला गेली होती. घरी येऊन चहा केला. साखर टाकली. म्हणजे साखरच.

"वाटली का सगळी?" ऋतुजानं शाळेतून आल्या आल्या विचारलं.

"त्रेचाळीसच्या त्रेचाळीस! वहीविना! बोलव तुझ्या मैत्रिणींना, सही देतो."

मी बाजेवर ऐटीत आडवा झालो आणि मोबाइल काढायला खिशात हात घातला.

टिण.

ऋतुजानं मान वळवली. "दादा, ही राजाची घंटी हाय ना? तुझ्या खिशात कशी?"

"व्यत्यय येत होता."

"मग घंटी न्हाई तर तू राजा वळखला कसा? कपाळावरच्या टिक्क्यावरनं ना?"

मी डोळे मिटले. मागल्या दारी आचाऱ्याच्या हातात दिलेला बोकड डोळ्यांसमोर आणला. त्याचे पाय आठवले. काळे. चारही काळे. मग कपाळ आठवलं.

टिक्का! मी बाजेवरून ताडकन उठलो.

तेवढ्यात दारातून हाक आली. "नाथ्या! आरं माजा राजा कुटंय?"

रतनआजी! एका हातात कापसाचं गाठोडं, दुसऱ्या हातात पांढऱ्या मोज्याच्या बोकडाचं दावं. "ह्यो कुनाचा बांदलास माज्या दारात? माजा राजा दे!"

घड्याळात सव्वासहा. सातला जेवण. जेवण सातला म्हणजे बोकड... हिशोब करायची छाती होईना.

"आजी, तू बस. मी आलो!"

मी पळत सुटलो. मागं ऋतुजा, तिच्या मागं रतनआजी, तिच्या मागं मोज्यांचा बोकड. वाटेत गल्लीतली माणसं रानातून परत येत होती आणि दारोदार एकच कालवा उठला होता. "ही आमची न्हाई!" "आमच्या दोनाच्या पाच कावून झाल्या?" केसरबाई तर रस्त्यातच आडवी आली. "नाथा, माजी लंगडी कुटं हाय रं?"

"काकू, अल्पकालीन प्रश्न आहे, येतो सोडवून!"

सुंदररावांच्या मागल्या दारी पोचलो. चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं. मसाल्याचा घमघमाट सुटला होता. खुंटीला दावं लोंबत होतं. नुसतं दावं!

आजीनं दावं बघितलं, पातेलं बघितलं आणि गाठोडं टाकून मटकन खाली बसली.

"राजाऽऽ! बाटलीनं पाजला रं तुला! आन् ह्यांनी शिजवला!"

तो आवाज पुढच्या ओसरीवर गेला नसता तरच नवल. सुंदरराव धावत आले. त्यांच्या मागं पांढऱ्या कपड्यातले आप्पाराव. त्या क्षणी मला कळलं, आबांची चाळीस वर्षांची अब्रू मी एका पातेल्यात घातली. आजीला दुसरा बोकड घेऊन देता येईल, पण दुसरा राजा कुठून आणू?

"काय झालं मावशी?" आप्पारावांनी विचारलं.

"तुमच्यापायी माजा राजा कापला! खा आता! पोटभर खा!"

"मी खाऊ?" आप्पारावांनी गळ्यात हात घालून तुळशीची माळ बाहेर काढली. "मावशी, एकादशीला माळ घातली मी! कांदालसूण खाईना झालोय, बोकड कुठला खातो? सुंदरराव, फोनवर सांगितलं होतं की तुम्हाला!"

सुंदररावांचं तोंड बघण्यासारखं झालं.

"सांगितलं होतं साहेब," ते कसेबसे म्हणाले. "पर तेवढ्यात लाईट आली हो! मोटार चालू कराया पळालो..."

ऐकलंत? लाईट! आमच्याकडं शेतीची लाईट येते ती एखाद्या व्हीआयपीसारखी. आली की ओसरीवरचे सगळे पाहुणे उठून उभे राहतात, आणि त्यात आप्पारावांची माळही गेली! एवढं सुंदर उदाहरण समोर असून मला वहीत टिपता येईना, कारण वही ऋतुजाची होती.

"मग ह्या पातेल्यात काय हाय?" आप्पारावांचा आवाज चढला.

सुंदररावांनी डोळे मिटले. तिकीट तिथंच फाटणार होतं. आजी रडायची थांबली. मी देवाचं नाव घेतलं, तेही चटकन आठवलं नाही.

छबुबाई पुढं आल्या. पदर खोचला आणि झाकण उचललं.

वांगी!

"कुठलं मटण अन् कुठलं काय," छबुबाई करवादल्या. "ह्या पोरानं आणलेला बोकड आचारी सुरी आणाया वळला तेवढ्यात दावं चावून पळाला. अर्धा तास हुडकला, घावला न्हाई. म्हनलं, पाहुणे दारात आलेत, टाका वांगी. आचाऱ्याचा कांदालसूण संपला व्हता, तसंच रांधलं."

"पळाला?" आजी ताडकन उभी राहिली. "कुटं पळाला?"

"घरी," मागून आवाज आला.

आबा! एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात थेंबांच्या बाटलीची पिशवी, बाजूला आई. जीपमधून उतरून ते आवाजाच्या रोखानं आले होते.

"रतनबाई, तुमच्या दारावरनंच आलो," आबा शांतपणे म्हणाले. "दार लोटलेलं हाय. राजा आत बाजेवर बसलाय अन् उशीतला कापूस खायलाय. एकाच डोळ्यानं बघितलं, पर राजाच हाय."

आजीनं आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की खिशातली घंटी वाजली. मग हसत हसत, रडत रडत घराकडं पळाली. सत्तरीची बाई, लंगड्या शेरडीसारखी सुटली!

मी तिथंच ओट्यावर बसलो. हुश्श!

आजीनं सोडून दिलेला मोज्यांचा बोकड आता आप्पारावांच्या धोतराचा वास घेत होता. आप्पारावांनी त्याची मान खाजवली. "गुणी जनावर हाय. कशाला पाळलंय, सुंदरराव?"

"हे... आपलं... हौस!" सुंदरराव म्हणाले. "शोभेला."

"वा! जपा त्याला. पुढच्या टायमाला आलो की भेटेन."

झालं! तो बोकड आजही सुंदररावांच्या दारात आहे. त्याला कापायची सोय उरलेली नाही. आप्पाराव फोनवर त्याची तब्येत विचारतात. तिकिटाचं अजून नक्की नाही, पण बोकडाचं नक्की झालं.

तिकडं गल्लीत मात्र निम्मं गाव दावी धरून आबांची वाट बघत होतं. "सटवा, तूच सांग कोणाचं कोणतं! ह्या तुझ्या पोरानं पार गोंधळ घातलाय!"

आता आबांची खरी परीक्षा, मला वाटलं. एक डोळा बंद, दिवस मावळलेला, शेरडं त्रेचाळीस. बघू ओसरी किती मोठी आहे!

आबांनी एकाही शेरडाकडं बघितलं नाही.

"सोडा," ते म्हणाले.

"काय सोडा?"

"दावी सोडा अन् बाजूला सरा."

लोकांनी दावी सोडली. आणि मित्रांनो, शाळा सुटल्यासारखी शेरडं सुटली! पाच वर, सहा खाली, लंगडी थेट केसरबाईच्या दारात! पाच मिनिटांत गल्ली रिकामी. सगळं जिथलं तिथं. केसरबाईची तीन होती, तेही कळलं.

"आबा," मी हळूच विचारलं, "चाळीस वर्षं तुम्ही हे सगळं लक्षात कसं ठेवलं?"

"म्या कशाला ठिवू?" आबा म्हणाले. "शेरडांना आपलं घर ठाव असतं. मला तर आजून वरच्या आळीची वळखू येत न्हाईत. वेशीत आलं की माणसानं फकस्त मधे यायचं न्हाई. सकाळी तेच सांगत हुतो. तुजी जागा भरली हुती."

मग त्यांनी पिशवीतून डॉक्टरांचा कागद काढला. दर दोन तासांनी डोळ्यात थेंब, मधे दुसरी बाटली, पाणी लागू द्यायचं नाही. मी हात पुढं केला.

"तू नगं," आबांनी कागद ऋतुजाकडं दिला. "ऋतुजा, तू ध्यानात ठिव. न्हाईतर लंगडीला सांगून ये."

त्या दिवसापासून गावात मी कुणाला शास्त्र सांगत नाही. त्या रात्री फक्त एक काम केलं. राजाची घंटी सकाळी उठल्याबरोबर रतनआजीला नेऊन द्यायची, असं सात वेळा घोकलं आणि मगच झोपलो.

सोमवारी बीडला तास होता. सरांनी विचारलं, "अल्पकालीन स्मृतीत नवी माहिती न घोकता किती वेळ टिकते? कोण सांगेल?"

उत्तर मला पाठ होतं. मी ताडकन उभा राहिलो.

टिण!